नाव न सांगणारा डबा

"नाव लपवलंस ते कुणापासून, निळू?"

खोतमास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. नीळकंठ शिडीवर होता. भिंतीवरचा वायफायचा डबा बंद करून पुन्हा चालू करत त्याने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"चोरांपासून, मास्तर. शेजारच्या होस्टेलातली पोरं फुकट वापरत होती ना, म्हणून."

"मग चोर गेले?"

"गेले."

"आणि घरातली माणसं?"

…

नीळकंठ उतरू लागला. शेवटची पायरी त्याने पायाने चाचपली आणि चाचपण्याचा आवाज होणार नाही याची काळजी घेतली.

घराचं नाव 'सोबत'. कऱ्हाडहून पाटणकडे जाताना रस्त्याच्या आत, गुळाच्या एका जुन्या वखारीत अकरा अंध माणसं राहतात, मास्तर धरून. भिंती हातभर जाड आणि पाठीशी डोंगर, त्यामुळे मोबाइलची रेंज आत पाऊल टाकत नाही. गेल्या वर्षी नीळकंठाने पुण्याहून हा डबा आणून बसवला, तेव्हापासून घरच्यांचे फोन, ऐकायची पुस्तकं, बँकेची कामं, सगळं त्याच्यावरच चाललेलं. फोनही एकाच जातीचे, एका देणगीदाराने एकदम दिलेले.

शुक्रवारी त्या फोनांत नवीन सॉफ्टवेअर उतरलं. कुणी मागितलं नव्हतं, पण ते विचारून येत नाही. शनिवारी सकाळी अकराच्या अकरा फोनांना डबा सापडेना.

हौसाबाईंची लेक नाशिकहून रोज सकाळी सातला फोन करते. शनिवारी तो आला नाही. रविवारीही नाही. हौसाबाई दोन दिवस फोन पदरात घेऊन बसल्या होत्या. शेवटी मास्तर काठी घेऊन हमरस्त्यापर्यंत चालत गेले आणि एसटीच्या थांब्यावर उभं राहून त्यांनी नीळकंठाला फोन लावला.

"दहा मिनिटांचं काम आहे," नीळकंठ म्हणाला होता. "मी येतो उद्या."

पुण्यातल्या एका बड्या कंपनीत तो नेटवर्कचा साहेब. दहा मिनिटांच्या वर त्याला कुठलंच काम लागत नाही, असं तो स्वतःच सांगत असे.

आता दीड तास झाला होता.

"गाडी कुठं लावलीस?" मास्तरांनी विचारलं.

"एसटीने आलो."

"तू? एसटीने?"

"पेट्रोल परवडत नाही, मास्तर."

"असं होय," मास्तर म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. मास्तर बोलायचे थांबले की नीळकंठाला लहानपणापासून घाम फुटतो.

खोतमास्तर बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, चौतीस वर्षं. नीळकंठाचे वडील त्याच बँकेत कारकून. शाळा सुटली की पोरगं स्विचबोर्डाच्या खोलीत येऊन बसायचं. मास्तरांना आवाजावरून अख्खी बँक ओळखू यायची, पण तारांचे रंग कळायचे नाहीत. ते पोराने सांगायचे. लाल ही, हिरवी ती, ही पांढरी आणि मध्ये निळा पट्टा. बदल्यात मास्तरांनी त्याला लाइनीतला बिघाड शोधायला शिकवलं, तारांना कथलाचा डाग द्यायला शिकवलं, आणि रिसीव्हर कानाला लावून गप्प बसायला शिकवलं. बँकेत सगळे त्याला 'मास्तरांचे डोळे' म्हणायचे. त्याला त्याचा केवढा अभिमान! मोठ्या परीक्षा पास झाला, मोठी नोकरी लागली, पण त्या बिरुदाची सर कशालाच आली नाही.

आणि चार महिन्यांपूर्वी पुण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला समोर बसवून सांगितलं होतं की नजरेचं वर्तुळ आकसत चाललं आहे. आधी अंधारातलं जाईल, मग कडेचं. मधलं शेवटी. किती वर्षं? सांगता येत नाही. उपाय? अजून नाही.

हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला, वृषालीला नाही, ऑफिसात नाही. आणि मास्तरांना तर मुळीच नाही. ज्या माणसाने सारा जन्म अंधारात काढला, हसतखेळत काढला, त्याच्यासमोर बसून 'मला आंधळं व्हायची भीती वाटते' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? नीळकंठाला तो मास्तरांचा अपमान वाटत होता. म्हणून आजचा दिवस कसाबसा निभवायचा, काम उरकायचं आणि उजेड आहे तोवर पुण्याची गाडी धरायची, असा त्याचा बेत होता.

"बिघाड काय आहे ते तरी सांग," मास्तर म्हणाले.

"अहो, साधं आहे. बाकीचे डबे आपलं नाव सारखं पुकारत असतात. फोन ते ऐकतो आणि जोडला जातो. आपला डबा नाव पुकारत नाही. मीच तसं केलंय. म्हणून फोननेच त्याला नावाने हाक मारायची असते."

"आणि अपडेटनंतर?"

"अपडेटमध्ये फोन ते विसरला. डबा आपलं नाव सांगेल म्हणून वाट बघत बसलाय."

"आणि डबा?"

"कुणी हाक मारेल म्हणून वाट बघतोय."

"दोघांना एकमेकांचं नाव ठाऊक आहे?"

"आहे."

"दोघं एकाच घरात?"

"एकाच खोलीत."

मास्तर खो खो हसले. "अरे, मग याला इंजिनिअर कशाला पाहिजे? याला घरातलं एखादं वडीलधारं माणूस पुरे."

नीळकंठालाही हसू आलं. तो खुर्ची ओढून खिडकीपाशी बसला आणि त्याने हौसाबाईंचा फोन मागितला. हौसाबाईंनी पदरातून काढून दिला, पण हात मात्र मागे घेतला नाही. फोन कुठे जातोय त्या दिशेला तो तसाच पुढे राहिला.

बोट लागताच फोन बोलायला लागला. या घरातले सगळे फोन बोलके. बोटाखाली जे येईल ते मोठ्याने वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम.

"सेटिंग्ज. बटण. नेटवर्क आणि…"

नीळकंठाने आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरली. फोन गप्प झाला.

"आवाज का बंद केलास?" मास्तरांनी विचारलं.

"कटकट करतो हो. मला नाही लागत."

…

त्याने जुनं नेटवर्क फोनमधून काढून टाकलं. नव्याने घालायला घेतलं. नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला, जतन केलं.

'जतन झालं' असं पडद्यावर आलं, पण फोन जोडला गेला नाही.

त्याने पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. आता फोन नाकाच्या जवळ आला होता. एक बटण कुठेतरी असायला हवं होतं, लपवलेल्या नेटवर्कचं. ते असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याने शंभर लोकांना ते सांगितलं होतं. पण अपडेटने सगळ्या जागा हलवल्या होत्या. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. त्याच्या नजरेत पडद्याचा एका वेळी बोराएवढा तुकडा मावायचा. तो तुकडा तो वरून खाली नेत होता, खालून वर आणत होता, आणि बटण सापडत नव्हतं.

तिसऱ्यांदाही नाही.

"अपडेटच खराब आहे," तो शेवटी म्हणाला. "यांनी ती सोयच काढून टाकलेली दिसते. कंपनीला कळवावं लागेल."

हौसाबाईंचा पुढे केलेला हात हळूच खाली गेला.

"म्हणजे कधी हुईल?" त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवस. महिना."

"महिना…" हौसाबाई म्हणाल्या. "पोरीला वाटंल आय गेली."

त्या बाई ठसक्यात बोलणाऱ्या. पण हे अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, आणि नीळकंठाला खुर्चीतून उठून पळून जावंसं वाटलं.

"आण इकडं," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मी सगळं बघितलंय."

"हो ना. बघितलंयस. आण."

मास्तरांनी फोन मांडीवर घेतला, दोन्ही बटणं दाबली. फोनला वाचा फुटली. मास्तरांचं बोट काचेवरून सावकाश उतरू लागलं, घाई नाही, शोधाशोध नाही.

"नाव. मजकूर लिहिण्याची जागा. सुरक्षा. पासवर्ड. प्रगत पर्याय, बंद. उघडण्यासाठी दोनदा टॅप करा."

मास्तरांनी दोनदा टॅप केलं.

"प्रॉक्सी. आयपी. लपवलेलं नेटवर्क. नाही."

"हे काय म्हणतंय रे?" मास्तरांनी विचारलं.

बटण तिथेच होतं. पहिल्यापासून तिथेच होतं.

"तेच," तो कसाबसा म्हणाला. "'नाही'चं 'होय' करा."

मास्तरांनी केलं. त्याबरोबर फोन एक लांबलचक सूचना वाचू लागला. "तुमचा राउटर नाव प्रसारित करत नसेल तर हा पर्याय निवडा. मात्र यामुळे हे नेटवर्क शोधण्यासाठी तुमचा फोन नियमितपणे संदेश पाठवत राहील. त्यामुळे सुरक्षेला धोका उद्भवू शकतो."

जतन केलं. दोन क्षण गेले… आणि फोन टणटणायला लागला. एक निरोप, दुसरा, पाचवा, नववा. सगळे नाशिकचे.

"आली गं बाई माजी!" हौसाबाई ओरडल्या, फोन हिसकावून घेतला आणि भिंतीला हात लावत तुरुतुरु निघूनही गेल्या. मास्तरांचे आभार मानायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तेही बरोबरच होतं.

खोलीत दोघेच उरले.

"निळू, ते शेवटी काय म्हणाला फोन? मला नीट कळलं नाही."

मास्तरांना कळलं नाही यावर नीळकंठाचा विश्वास बसला नाही. पण त्याने सांगितलं. "डबा नाव सांगत नाही, म्हणून फोनला त्याचं नाव घेत राहावं लागतं. 'आहेस का, आहेस का' असं."

"फक्त घरात?"

"नाही. घरात आहोत की बाहेर, ते त्याला कुठे कळतंय? जाईल तिथे."

"म्हणजे हौसाबाई पाटणच्या बाजारात गेल्या तर?"

"तिथेही हाका मारणार."

"एसटीत?"

"एसटीतही."

"आणि ऐकणारे ऐकणार?"

"ज्याला ऐकायचं त्याला ऐकू जातं."

"आणि हा आपला लपून बसलेला?"

"तो इथेच. गप्प."

"हं…"

मास्तरांनी खिशातून सुपारीची डबी काढली, एक खांड तोंडात टाकलं, डबी मिटली.

"वृषालीचा फोन आला होता," ते म्हणाले.

…

"कधी?"

"गेल्या मंगळवारी. मी रस्त्याला दळणाला गेलो होतो तेव्हा. त्याआधी तिनं तुझ्या थोरल्या भावाला केला होता. त्याआधी तुझ्या ऑफिसातल्या कुण्या कर्णिकांना. मित्राला एका. माझा नंबर तिच्याकडं नव्हताच, तो तिनं बँकेतून मिळवला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हे संध्याकाळी गाडी चालवत नाहीत. जिन्यात थांबतात. माझ्याशी बोलत नाहीत. माझं काही चुकलं का, तुम्हाला ठाऊक आहे का?"

नीळकंठाने तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकीतून ऊन येत होतं, त्यातला तेवढा गोल तुकडा त्याला दिसत होता.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मला काय ठाऊक असणार? मी म्हणालो, आला की विचारतो." मास्तरांनी सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. "हे बघ, दहा फोन राहिलेत. प्रत्येकाला हाका मारायला शिकवायचं असेल तर बस शिकवत. तुझी एसटी चारला आहे."

नीळकंठाने पिशवीतून लॅपटॉप काढला. त्यावरची अक्षरं त्याने केव्हाच मोठी करून घेतली होती, इतकी मोठी की ऑफिसात तो भिंतीला पाठ लावून बसायचा. तो डब्याच्या आत शिरला, सेटिंगपर्यंत पोचला आणि थांबला.

"मास्तर, नाव उघडं केलं तर होस्टेलातल्या पोरांना पुन्हा दिसेल."

"पासवर्ड आहे ना?"

"आहे. चांगला मोठा आहे."

"मग दिसू दे की. पाटी वाचली म्हणून कुणी घरात शिरत नाही." मास्तरांनी डब्याच्या दिशेने बोट केलं. "निळू, या घरात जो खोलीत येतो तो दारातच आपलं नाव सांगतो. हौसाबाई सांगतात, इक्बाल सांगतो, मीसुद्धा सांगतो. गेलं वर्षभर हा तुझा डबाच तेवढा शिष्टासारखा वर बसलाय."

नीळकंठाने बटण दाबलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग शेजारच्या खोलीत एक फोन वाजला. मग माडीवर दोन. मग अंगणात, मागच्या पडवीत, न्हाणीघराच्या बाजूला. दोन दिवसांचे तुंबलेले निरोप सगळ्या घरात एकदम कोसळले. माडीवरून इक्बाल मुजावरचा आवाज आला, "मास्तर! माझी पाच पुस्तकं उतरली, नि सासऱ्याचे सतरा निरोप! सासरा परत करता येतो का बघा!" खाली सगळे हसत सुटले.

नीळकंठही हसायला गेला. मध्येच त्याचा आवाज फाटला.

"मास्तर, माझे डोळे चाललेत."

…

मास्तरांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

"कधीपासून?"

"चार महिने झाले कळून. आधीपासूनच असणार. कडेचं दिसत नाही. अंधारात काहीच नाही. मघाशी ते बटण… मला दिसलं नाही. अपडेट चांगलं होतं."

"हं."

"मला भीती वाटते. फार भीती वाटते. आणि तुम्हाला सांगायची लाज वाटत होती."

"लाज? माझी?"

"तुम्ही असे… आणि मी असं होण्याला घाबरतो. तुम्हाला काय वाटेल?"

मास्तरांनी हात पुढे केला. तो आधी लॅपटॉपला लागला, मग नीळकंठाच्या मनगटाला. तिथे तो घट्ट बसला.

"मी नऊ वर्षांचा होतो, देवी आल्या तेव्हा," ते म्हणाले. "तेव्हा घाबरलो होतो. आज एकाहत्तर आहे. अजून हमरस्ता ओलांडताना घाबरतो. काल तुला फोन करायला गेलो तेव्हाही घाबरलो होतो, वेड्या."

नीळकंठ लहान पोरासारखा रडला. मास्तरांनी मनगट सोडलं नाही, पाठ थोपटली नाही की समजूतही घातली नाही. रडणं कुठवर आलंय ते ते ऐकत होते. लाइनवरचा माणूस बोलायचा थांबेपर्यंत मध्ये पडायचं नाही, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय.

"झालं?"

"झालं."

"आता आतूनच लागतो फोन. तिला लाव. मी स्वयंपाकाचं बघतो."

नीळकंठ पडवीत गेला. वृषालीने पहिल्याच रिंगला उचलला. पाव तासाने तो परत आला तेव्हा त्याचा शर्ट बाहीपाशी ओला होता.

"काय म्हणाली?"

"आधी रडली. मग रागावली, भयंकर रागावली. म्हणाली, चार महिने मला वाटत होतं की तुमच्या आयुष्यात दुसरी कुणी आली."

"बघ! त्यापेक्षा आंधळा बरा, असंही म्हणाली असेल."

"म्हणाली," नीळकंठ म्हणाला आणि आता त्याला खरोखर हसू आलं. "ती निघालीय. इथेच येते म्हणाली. चारची गाडी धरू नका, मी न्यायला येते."

"शहाणी आहे. चल, जेवून घे. धर."

मास्तरांनी कोपर पुढे केलं. नीळकंठाने क्षणभर त्या कोपराकडे पाहिलं, मग धरलं. वखारीच्या मधल्या बोळातून मास्तर त्याला घेऊन निघाले, वळण आलं की वळण सांगत, उंबरा आला की उंबरा.

जेवणाची खोली घराच्या पोटात होती. तिला खिडकी नव्हती. बल्ब कधीतरी गेला होता आणि तो गेल्याचं अकरा जणांपैकी कुणाला कळलंही नव्हतं. नीळकंठ दारातच थबकला. समोर निव्वळ काळोख, आणि त्या काळोखात भांड्यांचे आवाज, गप्पा, आमटीचा वास.

"मास्तर, मला काहीच दिसत नाहीये."

"बस खाली. इथं, माझ्या उजवीकडं."

तो चाचपत पाटावर बसला. मास्तरांनी ताट त्याच्या समोर सरकवलं, त्याचा हात धरून ताटाच्या कडेला लावला आणि कडेने एक पूर्ण फेरी फिरवून आणला.

"ताट म्हणजे घड्याळ समज. सहावर भात आहे, अगदी तुझ्या पोटासमोर. तीनवर आमटीची वाटी. नऊवर वांग्याची भाजी. बारावर मीठ आणि लिंबाची फोड. भाकरी मधोमध."

नीळकंठाचा हात नऊच्या दिशेने निघाला, अर्ध्या वाटेत थांबला. त्याला पाठीमागे, समोर, सगळीकडे माणसं असल्याचं जाणवत होतं.

"मास्तर… सांडलं तर?"

"सांडू दे," मास्तर म्हणाले. "इथं बघतंय कोण?"